माजीसांनी सांगितलेले जोधपूर

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे अध्यक्षाबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास लिहावा तो शिकल्यासवरल्या माणसांनी, अशी माझी समजूत. परंतु येथील म्हाताऱ्या बायकांकडून मी जे ऐकले व वहीत टिपले, ते मंडळातील भगिनींपुढे आणि शेजारणींपुढे ठेवावे असे वाटले, म्हणून हा खटाटोप.

आम्ही मूळचे विट्याकडचे. सोन्याचांदीच्या गलाईसाठी आपल्या भागातील माणसे देशभर पांगली, तशी आमच्या घरची जोधपूरच्या सराफ्यात आली. लग्न होऊन मी आले तेव्हा मनात धास्ती होती. दुष्काळी माहेर सोडून वाळवंटात संसार थाटावयाचा! पण येथे नळाला पाणी होते. ते कोठून आले, हे पुष्कळ वर्षे मी कोणास विचारलेही नाही.

राव जोधा यांनी १४५९ साली हे शहर वसविले. त्या टेकडीवरून हुसकून लावलेल्या साधूने, येथे पाण्याचा तोटा राहील, असा शाप दिल्याची कथा सांगतात. शाप खरा मानून की काय, माणसांनी थेंब न् थेंब अडविला. खडकाळ डोंगरावरचे पावसाचे पाणी पाटांनी तळ्यांत आणावयाचे, ते झिरपून खालच्या विहिरींना, बावड्यांना व झालऱ्यांना मिळावयाचे, अशी ही योजना. आपणां बायकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे राणीसर, तूरजी का झालरा, गुलाबसागर ही पाण्याची ठिकाणे राजघराण्याशी संबंधित स्त्रियांनी बांधविली.

बांधणाऱ्या स्त्रियांची नावे राहिली. पाणी वाहणाऱ्यांची कोठे आहेत? या प्रश्नावरून माझ्या वहीस आरंभ झाला.

आमच्या गल्लीत एक माजीसा होत्या. वय नव्वदीच्या घरात. मी त्यांना म्हटले, "माजीसा, तुमच्या वेळच्या पाण्याचे सांगा ना." त्या हसल्या. "त्यात काय सांगावयाचे? सगळ्याच आणत होत्या." मुलाच्या मोबाइलवर बोलणे भरून घेण्यास त्यांची व त्यांच्या सुनेची परवानगी घेतली आणि लहान लहान प्रश्न विचारले. किती घागरी? कोणत्या वेळी? चुंबळ कशाची? मग त्या खुलल्या. पहाटे अंधारात निघावयाचे, डोक्यावर दोन घागरी, झालऱ्याच्या पायऱ्या ओल्या असल्या की जीव मुठीत. सहावा महिना लागला तरी खेप चुकली नाही. अंघोळीचे पाणी लुगड्यांना, लुगड्यांचे पाणी फरशीला. तूप सांडले तर सांडो, पाणी सांडले तर जीव जळतो, अशी इकडची म्हणच आहे.

एके दिवशी त्या छप्पनिया दुष्काळाबद्दल सांगू लागल्या. खेजडीची साल वाळवून, दळून भाकरी केली, जनावरे दारात मेली, असे डोळ्यांनी पाहिल्यासारखे. घरी येऊन हिशेब केला, तर तो संवत १९५६ चा, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा दुष्काळ. तेव्हा माजीसांचा जन्मही नव्हता. मग ते खोटे म्हणावयाचे का? मी पुन्हा विचारले, तेव्हा कळले की ते सारे त्यांच्या आजीने सांगितलेले. वहीत मी तसेच लिहिले: पाहिलेले नव्हे, आजीकडून ऐकलेले. स्वतः पाहिलेले निराळे आणि कानी आलेले निराळे, एवढे लिहून ठेवले की दोन्हींचा उपयोग होतो. साल आठवत नसेल तर कोणाचे लग्न, कोणाचे बाळंतपण, पासष्टच्या लढाईतील दिवे बंद ठेवण्याच्या रात्री, अशा खुणांवरून ते काढता येते.

या कामाची थोर परंपराही याच मुलखात आहे. विजयदान देथा व कोमल कोठारी यांनी १९६० साली बोरुंदा गावी रूपायन संस्थान सुरू केले आणि गावोगावच्या कथा व लंगा-मांगणियारांची गाणी जपली. त्यांच्यापुढे माझी वही ती काय! पण घागरीच्या खेपा मोजावयास विद्वत्ता लागत नाही.

१९५१ साली या शहरात सुमारे १ लाख ८० हजार माणसे होती. २०११ च्या शिरगणतीत ती १० लाखांवर गेली. १९५८ साली काम सुरू झालेल्या राजस्थान कालव्याचे, म्हणजे आताच्या इंदिरा गांधी कालव्याचे पाणी १९९० नंतरच्या दशकात पंपांनी चढवून येथवर आणले गेले. पंजाबातील नद्यांचे हे पाणी. घागर उतरली, त्याबरोबर बावड्यांवरचे लक्षही उडाले. उपसा थांबला, जमिनीखालचे पाणी वर चढले आणि जुन्या शहरातील कित्येक तळघरांत पाणी साचू लागले. तहानेच्या शहरात पाणी उपसण्याचे पंप! तूरजीचा झालरा घाणीने भरला होता; तो अलीकडे साफ झाला असून प्रवासी तेथे फोटो काढतात. त्या पायऱ्यांवर कोणाचे पाय झिजले, हे त्यांना कोण सांगणार?

माजीसांकडे दिवाळीनंतर पुन्हा बसावयाचे ठरले होते. माहेरवास व मुलांच्या परीक्षा यांत मी दिवस ढकलले. माघात त्या गेल्या. माझ्या वहीत "लग्नानंतरची पहिली खेप" एवढाच मथळा आहे, खाली पान कोरे. ते पान मी फाडले नाही.

त्या उन्हाळ्यात गावी गेले आणि सासूबाईंजवळ बसले. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली होती, मिलोच्या भाकरी खाल्ल्या होत्या, हे मला ठाऊक होते. पण वीस-बावीस वर्षांत मी एक अक्षर विचारले नव्हते. म्हटले, "आत्या, खडीवरचे सांगा." त्या म्हणाल्या, "त्यात काय सांगायचं? समद्याच फोडत हुत्या." अगदी माजीसांचे शब्द! या वेळी मी उठले नाही. तीन दुपारी बसले. त्यांच्या उजव्या अंगठ्यावरचा व्रण हातोडीचा आहे, हे मला तेव्हा प्रथम कळले.

भगिनींनो, प्रत्येकीच्या घरी वा शेजारी अशी एक तरी आजी, माजीसा आहे. पुढील बैठकीस येताना प्रत्येकीने एकीचे एक पान लिहून आणावे, अशी माझी विनंती आहे. शुद्धलेखन मागाहून पाहता येईल. माणूस मागाहून सापडत नाही. चूकभूल पोटात घालावी.