उजव्या हाताच्या स्टिअरिंगचे शहर

आजचा धागा एका बंदराचा आहे, आणि त्या बंदरातील लोकांनी जुन्यापुराण्या मोटारींसाठी राजधानीशी केलेल्या भांडणाचा. बंदर व्लादिवोस्तोक, रशियाच्या अतिपूर्व भागातले. मॉस्कोहून रेल्वेने निघालात तर ९,२८८ किलोमीटर. जपानचा किनारा मात्र समुद्रापलीकडे, जहाजाने दोन दिवसांच्या आत गाठता येईल इतका जवळ. पुढे जे काही घडले त्याचे मूळ या दोन अंतरांत आहे.

रशियात वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून स्टिअरिंग डावीकडे असते. जपानमध्ये आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक, म्हणून स्टिअरिंग उजवीकडे. तरीही गेली तीस वर्षे व्लादिवोस्तोकच्या रस्त्यावर उभे राहिलात तर बहुतेक चालक ‘चुकीच्या’ बाजूला बसलेले दिसतात. हे कसे झाले?

सोव्हिएत काळापासून सुरुवात करू. त्या काळी खाजगी मोटार ही विकत घेण्याची नव्हे, वाट पाहण्याची वस्तू होती. कारखान्यात किंवा कार्यालयात यादीत नाव घालायचे आणि वर्षानुवर्षे थांबायचे. आपल्याकडे स्कूटरसाठी नंबर लावून दहा दहा वर्षे थांबलेली पिढी अजून घरात आहे, तिला हे समजावून सांगावे लागणार नाही. त्यातून व्लादिवोस्तोक म्हणजे पॅसिफिक नौदलाचे ठाणे. परदेशी माणसाला तेथे प्रवेशच नव्हता. पण नाविकांना बाहेर जाण्याची मुभा होती, आणि त्यांच्या हाती थोडेफार परकीय चलन येत असे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस व्यापारी व मासेमारी जहाजांवरचे हे नाविक जपानी बंदरांतून परतताना डेकवर एखादी जुनी टोयोटा किंवा निस्सान बांधून आणू लागले. काही शे डॉलरांत, कधी तर भंगाराच्या भावात मिळालेली गाडी.

भंगाराच्या भावात का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. जपानमध्ये जुनी गाडी चालवण्यास कायद्याने बंदी आहे, असा एक समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. तेथे ‘शाकेन’ नावाची सक्तीची तपासणी असते. नव्या खाजगी गाडीची पहिली तपासणी तिसऱ्या वर्षी, त्यानंतर दर दोन वर्षांनी. तपासणी, सक्तीचा विमा आणि गाडीच्या वजनावरचा कर हे सारे त्याच वेळी भरावे लागते; दुरुस्ती निघाली तर ती वेगळीच. पाचव्या किंवा सातव्या वर्षी मालक हिशेब करतो आणि गाडी काढून टाकतो. गाडी मात्र धडधाकट असते, गंजलेली नसते, व्यवस्थित चाललेली असते. थोडक्यात, ज्या गाडीसाठी सोव्हिएत नागरिक आयुष्याची उमेदीची वर्षे यादीत काढत होता, त्याहून चांगली गाडी शेजारच्या देशात लोक नकोशी झाली म्हणून सोडून देत होते.

१ जानेवारी १९९२ रोजी व्लादिवोस्तोक परदेशी लोकांसाठी खुले झाले. त्याच्या आठवडाभर आधीच सोव्हिएत संघ संपला होता. नौदलाला पैसा मिळेना, गोद्या आणि शस्त्रास्त्रांचे कारखाने ओस पडू लागले, पगार महिनोन्महिने थकले. अशा वेळी अभियंते, शिक्षक, निवृत्त नौदल अधिकारी अशी सारी मंडळी एकाच धंद्यात उतरली. शहरातील एका टेकडीवर ‘झेल्योनी उगोल’, म्हणजे ‘हिरवा कोपरा’, नावाचा मोटारींचा बाजार उभा राहिला. उतारावर ओळीने शेकडो, पुढे हजारो जपानी गाड्या. सैबेरियातून ग्राहक रोख रक्कम कपड्यांत शिवून रेल्वेने येत आणि गाडी चालवत परत जात.

हा परतीचा प्रवास सोपा नव्हता. खाबारोव्स्कपासून चितापर्यंतचा सुमारे दोन हजार किलोमीटरचा रस्ता १९९० च्या दशकात सलग असा अस्तित्वातच नव्हता. पुढेही बरीच वर्षे त्यावर खडीच होती. उडणाऱ्या दगडांपासून काच आणि रंग वाचावा म्हणून गाडीचे तोंड पुठ्ठा आणि चिकटपट्ट्यांनी मढवत. वाटेत खंडणी उकळणाऱ्या टोळ्या असत. म्हणून पाच-सात गाड्यांचा तांडा करून निघण्याची रीत पडली. अशा गाड्या पोहोचवून पोट भरणाऱ्यांचा एक स्वतंत्र वर्गच तयार झाला. जुन्या काळच्या लमाणांच्या तांड्यांशी तुलना करण्याचा मोह होतो, फक्त येथे बैलच विकाऊ होते.

पलीकडच्या किनाऱ्यावरची गोष्टही सांगण्यासारखी आहे. जपानच्या तोयामा प्रांतात फुशिकी बंदराच्या आसपास रशियन नाविकांना गाड्या विकणारी दुकाने मोठ्या संख्येने निघाली, आणि त्यांतील बरीचशी पाकिस्तानी व्यापाऱ्यांची होती. इमिझू या तेथील शहराला जपानी लोक गमतीने ‘इमिझुस्तान’ म्हणू लागले. जपानी माणसाने टाकलेली गाडी पाकिस्तानी दुकानदाराने रशियन खलाशाला विकायची. ‘जागतिकीकरण’ हा शब्द पाठ्यपुस्तकांत रुळण्याआधीच त्या बंदरात हे रोजचे झाले होते.

आता कागदपत्रांकडे वळू, कारण खरी लढाई तेथेच झाली.

गाडी बंदरात उतरली की आधी सीमाशुल्क. खाजगी व्यक्तीला ते गाडीचे वय आणि इंजिनाची घनक्षमता यांवरून, दर घनसेंटिमीटरला अमुक युरो असे भरावे लागे. शुल्क भरल्यावर कस्टम कार्यालय एक दस्तऐवज देई. त्याचे रशियन नावच मुळी ‘वाहनाचा पासपोर्ट’ असे आहे. आपल्या आरसी बुकाचा हा मोठा भाऊ समजा. तो हातात असल्याशिवाय वाहतूक पोलिसांकडे नोंदणी नाही, नोंदणीशिवाय नंबरप्लेट नाही. म्हणजे स्वस्त गाडी खरोखर किती स्वस्त, हे तोयामातील दुकानदार ठरवत नव्हता. मॉस्कोत बसून शुल्काचा तक्ता आखणारा अधिकारी ठरवत होता.

या तक्त्याची मेख वयात होती. २००० च्या दशकात तीन ते सात वर्षांच्या गाडीला शुल्क परवडणारे होते. सात वर्षे उलटली की ते इतके वाढे की गाडीच्या किमतीलाही मागे टाकी. लोकांनी यावर जो तोड काढला त्याला ‘कन्स्ट्रुक्तर’ म्हणत; लहान मुलांच्या जोडणीच्या खेळण्याला रशियन भाषेत हाच शब्द आहे. जपानमध्येच गाडी खोलायची. इंजिन वेगळे, सांगाडा वेगळा, चाके वेगळी. सारे ‘सुटे भाग’ म्हणून आणायचे. इकडे त्याच मॉडेलच्या एखाद्या मोडीत निघालेल्या गाडीची कागदपत्रे मिळवायची आणि त्या जुन्या पासपोर्टवर इंजिन बदलले, सांगाडा बदलला अशी नोंद करून घ्यायची. कागदावर जुनीच गाडी दुरुस्त झाली. रस्त्यावर मात्र एक नवी गाडी आली.

सरकारने २००८ च्या अखेरीस अख्ख्या सांगाड्यावर किमान पाच हजार युरो शुल्क बसवले. त्यावर उत्तर म्हणून लोक सांगाडा करवतीने मधोमध कापून आणू लागले, कारण अर्धा सांगाडा म्हणजे सांगाडा नव्हे. बंदरापलीकडे तो पुन्हा वेल्डिंगने जोडला जाई. हे धोकादायक होते यात शंका नाही. अपघातात अशी गाडी कशी वागेल हे सांगण्यासाठी तज्ज्ञाची गरज नाही. परंतु सामान्य माणसाला करवत हाती घ्यायला लावणाऱ्या तक्त्याविषयीही इतिहासाने काही बोलले पाहिजे, असे मला वाटते.

सरकारची बाजूही ऐकून घेऊ. वोल्गाकाठच्या तोल्याती शहरात अव्तोवाझचा प्रचंड कारखाना होता, लाडा मोटारींचा. त्यावर लाखो कुटुंबांचे पोट अवलंबून होते. परदेशी जुन्या गाड्यांनी देशी उद्योग बुडेल, ही भीती खोटी नव्हती. सुरक्षेचा मुद्दाही होता. उजवीकडे बसलेल्या चालकाला पुढच्या ट्रकला ओलांडताना समोरचे दिसत नाही. शेजारच्या माणसाला विचारावे लागते. जपानी दिव्यांचा झोत डावीकडे झुकतो, तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडतो. यावर पूर्वेकडचे लोक सांगत की, आमच्या गाडीतून चालक थेट पदपथावर उतरतो, वाहत्या रस्त्यात नाही. आणि वीस वर्षांची टोयोटा नव्या लाडापेक्षा जास्त विश्वासाची आहे.

संघर्षाची पहिली ठिणगी २००५ मध्ये पडली. उजव्या स्टिअरिंगवर बंदी घालण्याची चर्चा मंत्रालयात सुरू होताच मे महिन्यात अनेक शहरांत मोटारचालक रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अल्ताई प्रांताचे गव्हर्नर मिखाइल येव्दोकिमोव यांची भरधाव मर्सिडीज एका उजव्या स्टिअरिंगच्या टोयोटाला धडकली आणि गव्हर्नर मृत्युमुखी पडले. टोयोटाचा चालक साधा रेल्वे कर्मचारी होता. फेब्रुवारी २००६ मध्ये न्यायालयाने त्याला चार वर्षांची शिक्षा सुनावली. सत्ताधाऱ्याच्या गाडीला वाट दिली नाही म्हणून तुरुंग, असाच अर्थ लोकांनी काढला. देशभर निदर्शने झाली आणि मार्चमध्ये वरच्या न्यायालयाने त्याची सुटका केली. या प्रकरणाने मोटारचालकांना एक गोष्ट कळली: आपण संख्येने पुष्कळ आहोत, आणि आपल्याजवळ रस्ता अडवण्याचे साधन आहे.

मग आला डिसेंबर २००८. जगभर मंदी, तेलाचे भाव कोसळलेले, अव्तोवाझ अडचणीत. पंतप्रधान पुतिन यांच्या सरकारने निर्णय जाहीर केला: जानेवारी २००९ पासून आयात मोटारींवरील शुल्क वाढेल आणि ‘जुनी गाडी’ ठरण्याची मर्यादा सात वर्षांवरून पाचवर येईल. मॉस्कोच्या दृष्टीने ही तक्त्यातील दुरुस्ती होती. व्लादिवोस्तोकात मात्र आयातदार, गोदीतील हमाल, जहाजांचे कर्मचारी, गॅरेजवाले, सुट्या भागांचे दुकानदार, गाड्या पोहोचवणारे अशा साऱ्यांचा रोजगार एकाच वेळी टांगणीला लागला.

१४ डिसेंबरला लोकांनी गाड्या आडव्या घालून रस्ते रोखले, विमानतळाचा मार्गही अडवला. पुढच्या रविवारी, २१ तारखेला, ते मुख्य चौकात नववर्षाच्या सजवलेल्या झाडाभोवती जमले. सभेला परवानगी नव्हती, म्हणून अनेकांनी हातात हात घालून झाडाभोवती फेर धरला. त्यांच्यावर चालून गेलेले दंगलविरोधी पथक स्थानिक नव्हते. ते मॉस्कोजवळून विमानाने, देशाची सारी रुंदी ओलांडून, आणले होते. माणसे फरफटत गाड्यांत कोंबली गेली, पत्रकारांनाही मारहाण झाली. स्वतःच्याच देशाच्या पोलिसांना ‘बाहेरचे’ म्हणण्याची वेळ त्या शहरावर आली, आणि ही आठवण शुल्काच्या आकड्यांपेक्षा अधिक काळ टिकली आहे.

शुल्क काही मागे घेतले गेले नाही. २००८ साली जपानमधून रशियाला पाच लाखांहून अधिक जुन्या गाड्या गेल्या होत्या; २००९ मध्ये हा आकडा साधारण दहाव्या हिश्श्यावर आला. भरपाई म्हणून २००९ च्या अखेरीस व्लादिवोस्तोकात मोटारजोडणीचा कारखाना सुरू करण्यात आला. आणि ऑगस्ट २०१० मध्ये पुतिन पिवळ्या लाडा कलिनामध्ये बसून खाबारोव्स्कहून चितापर्यंत स्वतः गाडी चालवत निघाले. नवा रस्ता आणि देशी गाडी, दोहोंची जाहिरात. परंतु रस्त्यावर उभ्या असलेल्या लोकांनी ताफ्याचे चित्रीकरण केले. त्यात आणखी पिवळ्या कलिना होत्या, आणि एक तर ट्रकवर लादलेली. पूर्वेकडे या चित्रफितीवर लोक किती हसले असतील, याची कल्पना करता येते.

व्लादिवोस्तोकचे पत्रकार वसिली अवचेंको यांनी २००९ मध्ये या साऱ्यावर एक कादंबरी लिहिली. तिचे नावच ‘उजवे स्टिअरिंग’.

आपल्याकडचा नियम याच संदर्भात पाहण्यासारखा आहे. भारतात सर्वसाधारण मार्गाने वापरलेली मोटार आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, स्टिअरिंग उजवीकडेच असावे आणि ती फक्त मुंबई बंदरातून यावी, अशा अटी परदेश व्यापार धोरणात आहेत. वर भरमसाट शुल्क. त्यामुळे आपल्याला सोयीचे असलेले उजवे स्टिअरिंग मुंबईच्या धक्क्यावर कधी ‘हिरवा कोपरा’ उभारू शकले नाही, आणि ज्यांना ते गैरसोयीचे होते त्या रशियनांनी त्यावर अख्खे शहर उभे केले.

व्यापार थांबला नाही, रूप बदलत राहिला. युक्रेन युद्धानंतर रशियाच्या बाजारातून मोठ्या कंपन्या निघून गेल्या, तेव्हा जपानी जुन्या गाड्यांची मागणी पुन्हा उसळली. या खेपेस दार पलीकडून लोटले गेले: ऑगस्ट २०२३ मध्ये जपान सरकारने १,९०० सीसीवरील इंजिनाच्या मोटारी रशियाला पाठवण्यास मनाई केली. लहान इंजिनाच्या गाड्या मात्र जातच राहिल्या. त्यांतील रेडिओ रशियात नीट चालत नाही, कारण जपानी एफएम ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होते आणि बहुतेक रशियन वाहिन्या त्याच्या पट्ट्याबाहेर पडतात. त्यासाठी एक छोटे यंत्र बसवावे लागते. बाजारात ते सहज मिळते.