मालक नकोसा झाला, तर फुटबॉलच्या चाहत्यांनी काय करायचं?

मालकाचा निषेध म्हणून मॅचला जाणंच बंद करायचं, की संघासाठी जात राहायचं? २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड ताब्यात घेतला, तेव्हा चाहत्यांत यावरूनच फूट पडली. काहींनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःच्या मालकीचा क्लब काढला. बाकीचे ओल्ड ट्रॅफर्डलाच जात राहिले.

पुण्यात हा पेच जास्त अवघड. इथे मालक गेला की क्लबही जातो. बालेवाडीत खेळणारा एफसी पुणे सिटी २०१४ च्या पहिल्या आयएसएलपासून होता. वाधवान समूहाच्या या संघात हृतिक रोशनचीही भागीदारी होती. २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरी गाठली. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, आर्थिक अडचणींमुळे क्लब बंद पडला आणि लीगमधली जागा हैदराबाद एफसीने घेतली. ‘ऑरेंज आर्मी’च्या हातात काहीच नव्हतं.

जर्मनीत बहुतेक क्लबांत निम्म्याहून जास्त मतं सदस्यांकडे असतात. आयएसएलची टीम म्हणजे मालकाची फ्रँचायझी. म्हणून काहीजण म्हणतात, बहिष्कार टाकून मालकाला पळायला निमित्त देऊ नका. पण पुणेकर तरी कुठे बहिष्कार टाकून बसले होते? आणि ही पहिली वेळ नव्हतीच. पुणे एफसी आणि भारत एफसी हे दोन्ही संघ २०१५ मध्येच संपले होते.