पोटाचा घेर कुणी मोजला, आणि का?



"महिन्यात पोट कमी करा", "घरच्या घरी सिक्स पॅक" असले व्हिडिओ तुमच्याही मोबाईलवर येत असणार. पेटची तयारी करणारे आपण सगळे दिवसाचे आठ-दहा तास खुर्चीत. वजनकाट्यावर आकडा ठीक दिसतो, पण शर्टाचं बटण काही वेगळंच सांगतं. म्हणून आजचा विषय पोटावरची चरबी. मात्र डाएट प्लॅन इथे मिळणार नाही. या प्रश्नाचा इतिहास सांगते, कारण एक चांगला रिसर्च प्रश्न कसा जन्मतो हे त्यातून फार छान कळतं. आणि या इतिहासातलं एक महत्त्वाचं पान आपल्या पुण्याजवळच्या खेड्यांत लिहिलं गेलं आहे.

आधी मोजमापाचा प्रश्न

बीएमआय सगळ्यांना माहीत आहे: किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. हे सूत्र बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांचं, 1830 च्या दशकातलं. केटले डॉक्टर नव्हते, गणित आणि खगोलशास्त्राचे माणूस होते. त्यांना 'सरासरी माणूस' कसा असतो ते शोधायचं होतं. कोण लठ्ठ, कोण आजारी, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. 1972 मध्ये अमेरिकेतल्या अँसेल कीज यांनी या सूत्राला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिलं. तेव्हाही मोठ्या गटांची तुलना करायला सोपं माप, एवढाच त्याचा मोठा गुण होता.

आता आमच्या लासलगावचं उदाहरण घ्या. बाजार समितीत लिलाव संपला की कांद्याचे तीन भाव जाहीर होतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. सर्वसाधारण भावावरून बाजार चढलाय की पडलाय ते कळतं. पण तुमच्या ट्रॉलीतला माल कसा आहे, आतून कोंब फुटलाय का, हे त्या आकड्यावरून कुणी सांगू शकेल का? त्यासाठी कांदा हातात घेऊन बघावा लागतो. बीएमआयचं अगदी तसंच आहे. गावाबद्दल बरंच सांगतो, एका माणसाबद्दल कमी सांगतो, आणि चरबी शरीरात *कुठे* आहे याबद्दल तर काहीच सांगत नाही.

हा 'कुठे' पहिल्यांदा गांभीर्याने विचारला तो फ्रान्समधल्या मार्सेचे डॉक्टर जाँ वाग यांनी, 1947 मध्ये. त्यांचं निरीक्षण असं, की चरबी शरीराच्या वरच्या भागात, पोटाकडे साठलेल्या माणसांत मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचे आजार जास्त दिसतात. मांड्या-नितंबांवर साठलेल्यांत कमी. वजन तेच, धोका वेगळा. या म्हणण्याकडे बरीच वर्षं फारसं कुणी बघितलं नाही. 1984 मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमधून मध्यमवयीन पुरुषांच्या दीर्घ पाहणीचे निष्कर्ष आले. त्यात कंबर आणि नितंब यांच्या घेराचं गुणोत्तर हृदयविकाराशी जोडलेलं दिसलं. मग मात्र टेप घेऊन कंबर मोजणं ही शास्त्रातली मान्य गोष्ट झाली.

इथे एक गोष्ट वहीत लिहून ठेवा. वाग यांच्या निरीक्षणापासून या पुराव्यापर्यंत 37 वर्षं गेली. प्रश्न बरोबर असला तरी तो मोजायची पद्धत आणि पुरेशी माणसं मिळेपर्यंत थांबावं लागतं.

पुण्यात काय झालं?

डॉ. चित्तरंजन याज्ञिक पुण्याच्या केईएम रुग्णालयात मधुमेहावर काम करत होते. परदेशी पाठ्यपुस्तकातला टाइप टू मधुमेहाचा रुग्ण म्हणजे वयस्कर आणि लठ्ठ. पण समोर ओपीडीत बसलेले रुग्ण त्या मानाने तरुण आणि सडपातळ. अशा वेळी दोन मार्ग असतात. एक, आपले रुग्ण 'अपवाद' म्हणून सोडून द्यायचे. दोन, पुस्तकावर शंका घ्यायची. त्यांनी दुसरा धरला. नीट मोजल्यावर दिसलं की हे रुग्ण बीएमआयने बारीक असले तरी त्यांची चरबी धडात, पोटाकडे एकवटलेली आहे.

मग प्रश्न आणखी मागे गेला. ही ठेवण येते कधी? त्याच काळात इंग्लंडमधल्या साउदम्प्टनचे डेव्हिड बार्कर मांडत होते, की गर्भात असताना झालेल्या उपासमारीचा परिणाम मोठेपणीच्या आजारांवर होतो. पुण्याच्या गटाने साउदम्प्टनच्या संशोधकांबरोबर हात मिळवला आणि 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी' सुरू झाली.

फील्डवर्कला जाणाऱ्यांनी ही पद्धत जरूर समजून घ्यावी. गर्भ राहिल्यावर बाई दवाखान्यात येईल तेव्हा मोजू, असं त्यांनी केलं नाही. गावातल्या विवाहित स्त्रियांकडे कार्यकर्त्या दर महिन्याला जायच्या आणि पाळीची तारीख नोंदवायच्या. त्यामुळे गर्भधारणेच्या आधीचं वजन-उंचीही हाताशी होतं आणि गर्भाचं वय अंदाजाने ठरवावं लागलं नाही. दर महिन्याला, घरोघर, वर्षानुवर्षं. पेपरमध्ये याला दोन ओळी मिळतात!

निष्कर्ष 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. या गावांतल्या आयांचा बीएमआय सरासरी 18 च्या आसपास. शेतात राबणाऱ्या, बारीक बायका. त्यांच्या बाळांचं सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, साउदम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. आता गंमत बघा. पुण्याची बाळं सगळ्याच मापांत लहान होती, पण सगळी मापं *सारखी* लहान नव्हती. दंडाचा घेर (म्हणजे स्नायू) आणि पोटाचा घेर (म्हणजे आतले अवयव) खूप कमी. पाठीवर खांद्याच्या हाडाखाली चिमटीत धरून मोजलेली त्वचेखालची चरबी मात्र जवळजवळ टिकून राहिलेली. म्हणजे बाळ दिसायला रोड, पण प्रमाणाने चरबी जास्त. या ठेवणीला त्यांनी नाव दिलं 'थिन-फॅट', रोड तरी चरबीदार.

नुसतं वजन करून थांबले असते तर काय मिळालं असतं? "भारतीय बाळं हलकी असतात." हे तर आधीच माहीत होतं. नवा शोध लागला तो चिमटीत मोजलेल्या काही मिलिमीटरमुळे.

दोन डॉक्टरांचा एक फोटो

2004 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये एक छोटीशी नोंद आली. याज्ञिक आणि लंडनचे मधुमेहतज्ज्ञ जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना केली होती. दोघांचा बीएमआय 22.3. अगदी तोच. पण स्कॅनवर युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या 21.2 टक्के. दोघांच्याही आडनावाचं इंग्रजी अक्षर वाय, म्हणून ही नोंद 'वाय-वाय पॅराडॉक्स' या नावाने ओळखली जाते.

त्यांनी प्रामाणिकपणे हेही लिहिलं, की युडकिन मॅरेथॉन पळतात आणि याज्ञिकांचं पळणं म्हणजे रुग्णालयातली लिफ्ट बंद व्हायच्या आत गाठणं. याज्ञिकांचं जन्मवजन कमी होतं, हेही नोंदवलं. म्हणजे फरकाचं कारण जीवनशैली, गर्भातलं पोषण की जनुकं, हे दोन माणसांवरून ठरत नाही, आणि त्यांनी ते ठरवलंही नाही. ही नोंद फक्त एवढं सिद्ध करते, की सारख्या बीएमआयचा अर्थ सारखं शरीर असा होत नाही. आपल्या डेटातून जेवढं निघतं तेवढंच बोलायचं, हा धडा सिनॉप्सिस लिहिताना फार उपयोगी पडतो.

त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी बीएमआय 23 पासूनच सावध व्हावं असं सुचवलं. 2005 मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने दक्षिण आशियाई पुरुषांसाठी कंबरेची मर्यादा 90 सेंमी आणि स्त्रियांसाठी 80 सेंमी ठरवली.

मग सिट-अप्सचं काय?

आता तुमचा मूळ प्रश्न. पोटाचे व्यायाम केल्याने पोटाचीच चरबी जाते का? यावर दोन जुने प्रयोग आहेत, दोन्ही डिझाइन म्हणून सुंदर.

1971 मध्ये टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजले गेले. एक हात वर्षानुवर्षं रॅकेट चालवणारा, दुसरा त्या मानाने रिकामा. माणूस तोच, जेवण तेच, जनुकं तीच. याहून चांगला कंट्रोल कुठून आणणार? खेळणारा हात स्नायूंमुळे जाड होता, पण त्वचेखालच्या चरबीत फरक सापडला नाही.

1984 मध्ये फ्रँक कॅच आणि सहकाऱ्यांनी 13 पुरुषांकडून 27 दिवसांत प्रत्येकी 5004 सिट-अप्स काढून घेतल्या. आधी आणि नंतर पोट, पाठ आणि नितंब अशा तीन जागची चरबी सुईने काढून पेशींचा आकार मोजला. पेशी थोड्या आकसल्या, पण तिन्ही जागी सारख्याच. पोटाला खास सवलत मिळाली नाही.

यावरही प्रश्न विचारता येतात आणि विचारलेच पाहिजेत. माणसं 13, महिना एक. अलीकडच्या काही छोट्या प्रयोगांत थोडा स्थानिक फरक दिसल्याचे दावेही आहेत. पण "रोज शंभर सिट-अप्स मारा, पोट सपाट" याला आधार देईल असा भक्कम पुरावा आजही नाही. सिट-अप्सने पोटाचे स्नायू बळकट होतात. ते *दिसायला* मात्र अंगभरची चरबी उतरावी लागते, आणि ती कोणत्या क्रमाने उतरेल हे आपल्या हातात फारसं नाही.

महाराष्ट्रातला व्यायाम आणि आहार

आपल्याकडे तालमीत दंड-बैठका चालायच्या त्या ताकद आणि दम यासाठी. पोटावरचे चौकोन दाखवायला नाही. शरीर फोटोत *दाखवायचं* ही हौस युजीन सँडोसारख्यांच्या काळात जगभर पसरली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आधी सँडोच्याच पद्धतीने व्यायाम करत. पुढे ते सूर्यनमस्काराचे सर्वांत मोठे प्रचारक झाले आणि 1938 मध्ये लंडनहून त्यांचं त्यावरचं इंग्रजी पुस्तक निघालं. साधनं नकोत, जागा कमी लागते, सगळं अंग हलतं, हा त्यामागचा विचार आजच्या होस्टेलच्या खोलीलाही लागू पडतो.

आहाराचं बघा. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर उभी असलेली डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धत सांगते, दिवसातून दोनदाच जेवा. ऋजुता दिवेकर सांगत आल्या, थोड्या थोड्या वेळाने खा. घराघरात यावर वाद झाले, आणि दोन्ही बाजूंना वजन उतरलेली माणसं सापडली. संशोधक म्हणून तुम्ही काय विचाराल? ज्यांनी सोडून दिलं त्यांचं काय झालं? तुलनेला कोण होतं? दोन्ही पद्धतींत साखर आणि अधूनमधूनचं चरणं कमी झालं असेल, तर श्रेय वेळापत्रकाचं की त्याचं? "माझ्या काकांना गुण आला" इथे प्रश्न सुरू होतो, संपत नाही.

तर मग तुम्ही काय करायचं?

काट्याबरोबर टेप ठेवा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. आठवड्याला 150 ते 300 मिनिटं दम लागेल असं चालणं-पळणं आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस. ताटात डाळ, उसळ, दही किंवा अंडी वाढवा. चहाची साखर आणि फरसाण कमी करा. पोटाच्या आतली, यकृताभोवतीची चरबी अशाने कमी होते. सिक्स पॅक दिसले नाहीत तरी चालेल. तब्येतीला त्यांची गरज नाही.

आणि हे सगळं फक्त इच्छाशक्तीचं काम नाही. पुण्याच्या त्याच अभ्यासात 2008 मध्ये दिसलं, की गरोदरपणात बी-12 कमी आणि फोलेट जास्त असलेल्या आयांच्या मुलांत सहाव्या वर्षी चरबी आणि इन्सुलिनला होणारा अवरोध दोन्ही जास्त होते. म्हणजे पोटाच्या घेराचा हिशेब काही अंशी आईच्या ताटापासून सुरू होतो. पोट सुटलेल्या मित्राला आळशी म्हणण्याआधी हे आठवा. आणि घरात कुणी गरोदर असेल, तर तिच्या ताटात काय पडतं तेही बघा.

तुमच्या विषयात असा कोणता 'बीएमआय' आहे, जो सगळे वापरतात पण कुणी तपासत नाही? सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी त्याची एक यादी करा. भेटू पुढच्या लेखात.