महारोहिणी आणि मज्जारज्जू



मी वैद्य नव्हे. कामगारांचा कार्यकर्ता आहे. परंतु हमालाचे भांडवल म्हणजे त्याचे हातपाय. प्राण वाचवताना पायच जाण्याची भीती असलेली एक शस्त्रक्रिया आहे, म्हणून हा विषय घेतला.

हृदयापासून निघून छातीपोटातून खाली उतरणारी मोठी रक्तवाहिनी ती महारोहिणी. ती फुगली, तर फुटण्यापूर्वी तेवढा भाग काढून कापडी नळी बसवतात. त्या वेळेपुरते रक्त चिमट्याने अडवावे लागते. मोसमच्या काठी राहणाऱ्यांना सांगायला नको, की पाट वर अडवला म्हणजे पहिली ओरड शेवटच्या फडातून येते. शरीरातला तो शेवटचा फड म्हणजे कण्यातला मज्जारज्जू.

हे ज्ञान नवे नाही. १६६७ साली डेन्मार्कच्या स्टेन्सेनने जनावराची महारोहिणी बांधून पाहिली, तो मागचे पाय लुळे! १८८२ साली आडाम्कीविच यांनी रज्जूच्या खालच्या भागाला पोसणारी मुख्य धमनी वर्णिली. ती बहुधा डावीकडून येते. नेमकी कोठून, हे माणसागणिक बदलते. चिमटा लावणाऱ्याची पंचाईत तीच.

आपल्याकडे परळच्या के. ई. एम. रुग्णालयात, गिरण्यांच्या ऐन वस्तीत, डॉ. प्रफुल्लकुमार सेन, डॉ. परुळकर प्रभृतींनी महारोहिणीच्या मधल्या भागाच्या आकुंचनावर १९६३ साली निबंध लिहिला. १९७३ साली या दुखण्याच्या १०१ रुग्णांवर त्यांचा ग्रंथ निघाला. आकुंचन सावकाश होते, तेव्हा आजूबाजूच्या लहान वाहिन्या रुंदावतात, शरीर स्वतःच आडपाट काढते. फुगवट्यात ही सोय बहुधा नसते. अमेरिकेत ह्यूस्टनला क्रॉफर्ड यांच्या परंपरेतल्या १,५०९ रुग्णांचा हिशेब १९९३ साली छापला गेला. त्यांत २३४ जणांच्या पायांत लुळेपणा वा अशक्तता आली होती. हा आकडा त्यांनी लपवला नाही, हे मला फार मोठे वाटते.

मग उपाय निघाले: अंग थंड ठेवणे, चिमट्याखाली यंत्राने रक्त पुरवणे, बरगड्यांकडच्या धमन्या नव्या नळीला पुन्हा जोडणे. आणि एक अगदी साधा: रज्जूभोवतीचे पाणी बारीक नळीने काढणे. पाण्याचा दाब उतरला, की मंद रक्तालाही आत शिरता येते. २००२ साली ह्यूस्टनलाच १४५ रुग्णांवर हे तपासले. पाणी न काढलेल्यांत शेकडा १३ जणांचे पाय गेले किंवा दुबळे झाले, काढलेल्यांत २.६.

रोगी शुद्धीवर आला, की त्याला पहिल्यांदा पायाची बोटे हलवायला सांगतात. दोनतीन दिवसांनीही पाय जाऊ शकतात. म्हणून नळी लगेच काढत नाहीत, रक्तदाब उतरू देत नाहीत, आणि बोटे हलवायला पुन्हापुन्हा सांगतात.