जॅक्सन होल: गुपचूप विकत घेतलेलं खोरं

1927 साली अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नेक रिव्हर लँड कंपनी नावाची एक कंपनी नोंदवली गेली. लवकरच शेजारच्या वायोमिंगमधल्या जॅक्सन होल या डोंगरी खोऱ्यात ती एकामागून एक रँच, म्हणजे गुरं पाळायच्या जमिनी, विकत घेऊ लागली. सौदे ठरवायला तिथलाच बँकवाला नेमला होता, रॉबर्ट मिलर. पैसा कुणाचा, हे विकणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. खुद्द मिलरलाही ते सांगितलेलं नव्हतं.

खोरं देखणं. पश्चिमेला टीटन पर्वताची भिंत थेट सपाटीतून उठते. तिचं सर्वांत उंच शिखर 13,775 फुटांचं. मधून स्नेक नदी वाहते. 1862 च्या होमस्टेड कायद्यानं पाच वर्षं राहून कसणाऱ्याला 160 एकर सरकारी जमीन जवळपास फुकट मिळे. त्या आशेनं 1884 पासून इथे लोक वस्तीला आले. पण साडेसहा हजार फुटांच्या उंचीवर पीक घ्यायला मिळतात वर्षातले जेमतेम दोन महिने. पाण्यासाठी पाट खणायचे, उन्हाळ्यात गवत कापून साठवायचं आणि लांबलचक हिवाळ्यात तेच गुरांना घालायचं. 160 एकरांत पोट भरणं कठीणच होतं.

काहींनी दुसरा मार्ग शोधला. 1908 मध्ये जेवाय आणि 1912 मध्ये बार बीसी या रँच सुरू झाल्या. पूर्वेकडच्या शहरांतली श्रीमंत मंडळी इथे उन्हाळाभर राहत, घोड्यावर रपेट करत आणि त्याचे पैसे मोजत. इथली जमीन गुरांपेक्षा पाहुण्यांवर जास्त कमावते, हे तेव्हाच दिसू लागलं होतं.

पहिल्या महायुद्धानंतर गोमांसाचे भाव कोसळले, दुष्काळही पडला. 1925 मध्ये 97 रँचवाल्यांनी स्वतःच अर्जावर सह्या केल्या: आमच्या जमिनी विकत घ्या, खोरं सर्वांसाठी राखा. पुढच्याच वर्षी यलोस्टोन उद्यानाचा प्रमुख होरेस ऑलब्राइट यानं तेलसम्राटाचा मुलगा जॉन डी. रॉकफेलर धाकटा याला खोऱ्यातून फिरवलं. डोंगरांच्या ऐन समोर मोडकळीला आलेल्या इमारती आणि जाहिरातींचे फलक पाहून रॉकफेलर अस्वस्थ झाला. त्यानं खोरं विकत घेऊन राखण्याची पूर्ण योजनाच मागवली.

घेणारा रॉकफेलर आहे असं कळलं असतं, तर भाव आकाशाला भिडले असते. म्हणूनच अळीमिळी गुपचिळी. 1930 मध्ये गुपित फुटलं आणि एकच गदारोळ उठला. फसवणूक झाली, दडपण आणलं, असे आरोप झाले. 1933 मध्ये सिनेटच्या समितीनं जॅक्सन गावातच साक्षी घेतल्या; कंपनीवरचे गैरव्यवहाराचे आरोप टिकले नाहीत. एकंदर सुमारे 35,000 एकर जमीन 14 लाख डॉलरना घेतली गेली होती.

राग मात्र शमला नाही. ही जमीन राष्ट्रीय उद्यानात गेली तर परगण्याचा करही बुडेल आणि चराईही जाईल, ही भीती खोटी नव्हती. 1943 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी खोऱ्यातली 2,21,000 एकर जमीन राष्ट्रीय स्मारक, म्हणजे संरक्षित क्षेत्र, म्हणून जाहीर केली. तेव्हा रँचवाल्यांनी परवानगी न घेता पाचशेहून जास्त गुरं त्यातून हाकत नेली. सोबत हॉलिवूडचा नट वॉलेस बीरीही होता. 1949 अखेर रॉकफेलरनं 32,000 एकरांहून जास्त जमीन सरकारला दान दिली. 1950 मध्ये तडजोड होऊन आजचं ग्रँड टीटन राष्ट्रीय उद्यान उभं राहिलं. परगण्याला बुडालेल्या कराची भरपाई मिळाली, जुन्या रँचवाल्यांचा चराईचा हक्क राहिला. गुरं हाकणाऱ्यांतला क्लिफर्ड हॅन्सन पुढे वायोमिंगचा गव्हर्नर आणि सिनेटर झाला. आपण हरलो ते बरंच झालं, असं त्यानं नंतर उघडपणे कबूल केलं.

जे रँचवाले कंटाळून विकून गेले, त्यांना आपण मातीमोल भावात काय दिलं याची कल्पना येणं शक्यच नव्हतं. रॉकफेलरला एकर सरासरी 40 डॉलरला पडला. डिसेंबर 2024 मध्ये उद्यानाच्या हद्दीतला केली गावाजवळचा 640 एकरांचा तुकडा वायोमिंग राज्यानं केंद्र सरकारला 10 कोटी डॉलरना विकला, म्हणजे एकरी दीड लाखाच्याही वर. ती जमीन राज्यानं शाळांच्या खर्चासाठी राखलेली होती, त्यामुळे या वेळी डोंगरांच्या देखाव्याची किंमत वायोमिंगच्या शाळांना मिळाली.