कावाकितांच्या चिठ्ठ्या

आयटीवाल्यांना भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या डकवायला शिकवावं लागत नाही. स्प्रिंट संपला की रेट्रो, रेट्रो म्हटलं की पोस्ट-इट, आणि मग कुणीतरी म्हणतंच, "चला, आता ग्रुपिंग करूया." ह्या ग्रुपिंगला 'अफिनिटी मॅपिंग' असं भारदस्त नाव आहे. बहुतेकांची समजूत अशी की हे प्रकरण कॅलिफोर्नियातल्या कुठल्यातरी डिझाइनवाल्यांच्या डोक्यातून आलं असणार. तसं नाहीये. ह्याचं मूळ नेपाळच्या डोंगरातल्या गावांत आहे आणि ते शोधलं एका जपानी भूगोलवाल्याने. पोस्ट-इट अमेरिकेच्या बाजारात सगळीकडे मिळू लागल्या १९८० मध्ये. ह्या गृहस्थांचं पुस्तक त्याच्या तेरा वर्षं आधीच छापून आलं होतं.

त्यांचं नाव कावाकिता जिरो. जपानी पद्धतीने आडनाव आधी, म्हणून त्यांच्या पद्धतीचं नाव 'केजे'. जन्म १९२०चा, शिक्षण क्योतो विद्यापीठात, विषय भूगोल. तिथे इमानिशी किंजी ह्या शास्त्रज्ञाभोवती डोंगर-जंगलं तुडवणाऱ्या पोरांचा एक कंपू जमला होता, त्यातले हे एक. १९५३ मध्ये जपानी अल्पाइन क्लबाची मोहीम मनास्लूवर (८,१६३ मीटर) गेली, तेव्हा कावाकिता तिच्यासोबत शास्त्रज्ञ म्हणून होते. त्या वर्षी शिखर हुकलं, ते सर झालं १९५६ मध्ये. कावाकितांचं काम मात्र शिखराखालच्या गावांत होतं. १९५८ मध्ये ते वायव्य नेपाळात पुन्हा गेले, ह्या खेपेला मोहिमेचे प्रमुख म्हणून.

आता विचार करा, अशा गावात महिनोन्महिने राहून माणूस काय घेऊन परत येतो? वह्या. कोण काय पेरतं, किती उंचीवर काय उगवतं, कोण कुणाकडे जेवतं आणि कोण जेवत नाही, लग्नं कशी ठरतात, मयताचं काय करतात, मीठ कुठून येतं... सगळं टिपलेलं, पण ज्या क्रमाने दिसलं त्या क्रमाने. ह्यातून लिहायचं काय? सोपा मार्ग म्हणजे प्रकरणं आधीच पाडायची (शेती, धर्म, कुटुंब, व्यापार) आणि एकेक नोंद त्या त्या खणात टाकायची. तसं केलं की मिठाचा भाव 'व्यापारा'त जातो, गावची पूजा 'धर्मा'त जाते, आणि मीठ आणणारा नि पूजा मांडणारा माणूस एकच आहे ही गोष्ट दोन खणांमधल्या फटीत पडते. (उदाहरण माझं, कावाकितांचं नव्हे.)

कावाकितांनी उलटं केलं. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहायची, आणि ज्याने सांगितली त्याच्या बोलण्याचा वास तिला राहील अशी लिहायची. सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरायच्या. मग नुसतं वाचत बसायचं, दोनदा, तीनदा. कुठली चिठ्ठी कुठल्या चिठ्ठीजवळ जावीशी वाटते ते बघायचं. दोन-तीन जवळ आल्या की त्यांचा छोटा गठ्ठा करायचा आणि वर एक नवी चिठ्ठी लावायची. मग गठ्ठ्यांचे गठ्ठे. लहानाकडून मोठ्याकडे, कधीच उलट नाही! मोठे कप्पे आधी ठरवून त्यात चिठ्ठ्या वाटून टाकणं म्हणजे केजे नव्हेच, ह्याबद्दल ते फार कडक होते.

गठ्ठ्यावरची चिठ्ठी लिहिणं ही खरी मेख आहे. तिथे एक शब्दाचं लेबल चालत नाही, वाक्य लागतं. 'पाणी' असं लिहिलंत तर तुम्ही काहीच म्हटलं नाही. 'पाणी आणण्यात बायकांची सकाळ जाते' असं लिहिलंत तर चार चिठ्ठ्यांनी मिळून काय सांगितलं ते कळतं. आणि जी चिठ्ठी कुठेच बसत नाही तिला कोंबायचं नाही. तिला जपानीत 'एकांडा लांडगा' अशा अर्थाचं नाव आहे. ती तशीच एकटी ठेवायची. कधी कधी अख्ख्या ढिगाचा अर्थ तीच सांगते.

पुस्तकाचं नाव 'हास्सोहो' (हसू नका). अर्थ साधारण 'कल्पना सुचण्याची पद्धत'. १९६७ मध्ये निघालं आणि जपानी कंपन्यांनी उचलून धरलं. सत्तरच्या दशकात जपानी गुणवत्तावाल्यांनी 'सात नवी साधनं' ठरवली, त्यात चिठ्ठ्यांचे गठ्ठे करायची ही पद्धत आली. तिथून कारखाने, मग जग, मग आपली रेट्रो.

आता ह्याच्या शेजारी ब्रेनस्टॉर्मिंग ठेवून बघा. ते अमेरिकन, अॅलेक्स ऑस्बॉर्न ह्या जाहिरातवाल्याचं. १९३९च्या आसपास आपल्या कंपनीत त्याने हे सुरू केलं आणि १९५३ मध्ये त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. नियम सुटसुटीत: टीका नको, अचाट कल्पना चालतील, ढीगभर हव्यात, दुसऱ्याच्या कल्पनेवर आपली चढवा. १९५८ मध्ये येल विद्यापीठात ह्याची परीक्षा झाली. चौघाचौघांचे बारा गट एकत्र बसले, आणि आणखी अठ्ठेचाळीस जण एकेकटे बसले. एकेकट्यांच्या उत्तरांचे नंतर कागदावर चौघांचे गट पाडले आणि मोजलं. कागदावरच्या गटांकडे जवळजवळ दुप्पट कल्पना निघाल्या! १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे ह्या दोघांनी त्याचं मुख्य कारण दाखवलं, आणि ते अगदी साधं आहे: एक जण बोलत असताना बाकीच्यांना गप्प बसावं लागतं, आणि तेवढ्यात त्यांचं सुचलेलं विरून जातं.

तरी आपण काय उचललं? गलका. चिठ्ठ्यांसमोर गप्प बसण्याचा भाग वगळला. मी बघितलेल्या बऱ्याच रेट्रोंमध्ये फळ्यावर तीन रकाने आधीच आखलेले असतात: काय बरं झालं, काय वाईट झालं, पुढे काय करायचं. कुणी लिहितं 'टेस्टिंगवाल्यांना रिक्वायरमेंट शेवटी कळते'. ती 'कम्युनिकेशन' नावाच्या गठ्ठ्यात जाते, आणि 'कम्युनिकेशन'वर आजवर कुणी काही केलेलं मला तरी माहीत नाही. एक शब्दाचं लेबल म्हणजे तक्रार पुरायची जागा.

ह्याला आपली शाळाही थोडी जबाबदार आहे. 'खालील मुद्द्यांच्या आधारे गोष्ट लिहा' आठवतंय? एक गाव - दुष्काळ - म्हातारा शेतकरी - ... - तात्पर्य. मुद्दे दिलेले, क्रम दिलेला, तात्पर्याची जागासुद्धा दिलेली. आपण मधल्या रेघा भरायच्या. मुद्दे येतात कुठून हे दहावीपर्यंत मला कुणी विचारलं नाही, सांगितलंही नाही.

कावाकितांसाठी हा निव्वळ लेखनाचा प्रश्न नव्हता. साठच्या दशकात ते नेपाळातल्या सिखा खोऱ्यात राहिले. बाहेरून येणारा तज्ज्ञ साधारण आपले रकाने सोबत आणतो: शिक्षण, आरोग्य, शेती. कावाकितांनी गावकऱ्यांनाच त्यांच्या अडचणींच्या शोधात सामील केलं. त्यातून पुढे उभं राहिलं ते अगदी साधं: पाईपने प्यायचं पाणी, आणि दऱ्या ओलांडून ओझी नेणारे तारेचे रोपवे. १९८४ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना ह्याच कामासाठी मिळाला. २००९ मध्ये ते गेले.

केजेचा शेवटचा टप्पा बहुतेक ठिकाणी गाळलेला असतो, आणि तो आहे लिहिणं. गठ्ठे मांडून, त्यांच्यात बाण-रेघा काढून झाल्या की तो नकाशा समोर ठेवून सलग मजकूर लिहायचा. बाण काढणं सोपं असतं. पण 'म्हणून' किंवा 'तरीही' ह्यातला एक शब्द निवडायची वेळ आली की कळतं, बाण खोटा होता. मग परत चिठ्ठ्यांकडे. मी विकांताचे लेख असेच लिहितो, पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या करून. वेळ खातं हे खरं. रविवार सकाळ नुसती वाचण्यात जाते.

ह्या लेखाच्या चिठ्ठ्यांतही एक कुठेच बसली नाही. १९५३ च्या त्या मोहिमेत कावाकितांबरोबर नाकाओ सासुके नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. हिमालयाच्या पायथ्यापासून युन्नानमार्गे जपानपर्यंत सदाहरित जंगलांचा एक पट्टा आहे, आणि चहा, चिकट भात, आंबवलेलं सोयाबीन ह्या गोष्टी त्या पट्ट्यात सारख्या सापडतात, अशी मांडणी त्यांनी पुढे केली. तिच्यावर वेगळं लिहीन कधीतरी.