हेलसिंकीचा अर्धा तास

२०२४ सालच्या ऑगस्ट महिन्यात पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाटचे वजन शंभर ग्रॅम जास्त भरले आणि अंतिम कुस्तीच्या दिवशी सकाळीच तिला बाद करण्यात आले. तेव्हा मंडणगडच्या एसटी स्टँडपासून वेळास-बाणकोटपर्यंत, जिथे चार माणसे जमली असतील तिथे हाच वाद रंगला असेल. कोणी म्हणाले असेल, नियम तो नियम. कोणी म्हणाले असेल, आदल्या दिवशी तीन कुस्त्या मारलेल्या पोरीला एकदम शेवटचा नंबर, हा कुठला न्याय? आपण कबड्डीवाली माणसे. पूर्वी हुतूतूत दम तुटला की नाही, एवढ्यावरून सामने अर्ध्यावर थांबत. तो वाद पंचांच्या कानांवर सोपवलेला होता. आता चढाईला घड्याळाचे तीस सेकंद आहेत. म्हणजे नियम काही आकाशातून पडत नाहीत, भांडणे होतात आणि त्यांतून ते घडतात, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

पण आज मला सांगायची आहे ती त्याच्याही बहात्तर वर्षे आधीची हकीकत. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा दादासाहेब जाधव यांची. जन्म १९२६ सालचा. अंगाने लहानखुरे, पण विलक्षण चपळ. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले आणि सहावे आले. मातीत तयार झालेल्या पैलवानाला गादीवर उभे करणे म्हणजे काय, ते गुरुजनहो, जरा मुलांना समजावून सांगा. आपल्या आखाड्यात पाठ टेकली की निकाल, मग कितीही वेळ लागो. तिथे घड्याळ असते, तीन पंच असतात, आणि पाठ लागली नाही तरी कोणाचे पारडे जड ते ठरते. डाव तेच, पण हिशेब निराळा. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकी वस्तादाने त्यांना हा हिशेब शिकवला.

१९५२ साली हेलसिंकीला जायचे होते, तर निवडीतच घोटाळा झाला. मद्रासच्या स्पर्धेत खाशाबा एका गुणाने मागे पडले. हा निकाल बरोबर नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, आणि महाराजांनी ती ऐकली. कुस्ती पुन्हा लावली गेली, आणि या खेपेला खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याची पाठच लावली. वादाला जागाच उरली नाही! हा प्रसंग नीट लक्षात ठेवावा. इथे तक्रार होती, आणि ती ऐकून घेणारा माणूसही होता.

पुढे पैशाचा प्रश्न. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. असे करून हा गडी फिनलंडला पोहोचला.

तिथे सत्तावन्न किलो वजनी गटात त्यांनी कॅनडाच्या पोलिक्विनला हरवले, मेक्सिकोच्या बासुर्तोला हरवले, जर्मनीच्या श्मिट्झला हरवले. मग आले जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत रशियाचे रशीद मामेदबेकोव. जी हकीकत आजवर सांगितली जाते ती अशी : इशींबरोबरची कुस्ती पंधरा मिनिटे चालली आणि निकाल इशींच्या बाजूने गेला. खाशाबांचा श्वास अजून जागेवर आला नव्हता, तोच पुढच्या कुस्तीसाठी पुकारा झाला. दोन कुस्त्यांच्या मध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी असा नियम होता. पण तो नियम पुढे करून भांडणारा भारताचा एकही अधिकारी त्या वेळी तिथे हजर नव्हता. एकट्या, दमलेल्या, परभाषेत अडकलेल्या पैलवानाने कोणाशी हुज्जत घालावी? ते उतरले आणि हरले. सुवर्ण इशींना, रौप्य मामेदबेकोवना, कांस्य खाशाबांना. तारीख २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

तो अर्धा तास मिळता तर सोने मिळाले असते, असे पुष्कळजण छातीठोकपणे म्हणतात. मी म्हणणार नाही. इशी आणि मामेदबेकोव हे काही कच्चे गडी नव्हते. पण सोने हा प्रश्नच नव्हे. जे हक्काचे होते ते मिळाले नाही, आणि तेही नियम नव्हता म्हणून नव्हे, तर तो बोलून दाखवणारा नव्हता म्हणून.

ही गोष्ट मंडणगडकरांना तरी अपरिचित वाटू नये. आंबडवे, बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव, आपल्याच तालुक्यातले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ सालीच मंजूर केला होता. शेजारच्या महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली तसा ठराव केला. ठराव दप्तरात पडून राहिला, आणि चवदार तळ्याचे पाणी मात्र १९२७ च्या मार्चपर्यंत बंदच. बाबासाहेब हजारो माणसे घेऊन तळ्यावर गेले तेव्हा कागदावरच्या अक्षरांना जीव आला. आता, माणुसकीच्या त्या लढ्याची आणि एका कुस्तीची बरोबरी मी करीत नाही, तशी कोणी करूही नये. दप्तरातला नियम आणि माणसाच्या पदरात पडलेला नियम यांतले अंतर तेवढे दाखवायचे आहे.

पॅरिसचे प्रकरण मात्र याच्या उलट आहे. विनेशच्या बाजूने बोलणारे पुष्कळ होते. हरीश साळवे यांच्यासारखे नामांकित वकील क्रीडा लवादापुढे उभे राहिले. तरी १४ ऑगस्ट २०२४ ला अर्ज फेटाळला गेला, कारण दोन्ही दिवशी सकाळी वजन भरलेच पाहिजे असे नियमात स्वच्छ लिहिले होते. तिथे तक्रार करायची तर नियमाविरुद्ध करायला हवी, पंचांविरुद्ध नव्हे. एका दिवसाच्या अपराधापायी आदल्या दिवशीचे विजयही पुसावेत का, हा प्रश्न मला रास्त वाटतो. पण तो स्पर्धेआधी, नियम करणाऱ्यांच्या बैठकीत विचारायचा. हेलसिंकीत प्रश्न नियमाचा नव्हताच. दोन्ही प्रकरणांना 'अन्याय' हा एकच शब्द लावला की वाद नुसता तापतो, पुढे सरकत नाही.

खाशाबा १९५५ साली पोलीस खात्यात फौजदार झाले, आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मृत्यूनंतर, तब्बल सोळा-सतरा वर्षांनी. महाराष्ट्राच्या दुसऱ्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला २०२४ साल उजाडावे लागले. तेही कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसळे यांना, नेमबाजीत.

पण १९५२ च्या त्या वर्षी गोळेश्वरला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि मिरवणूक ओसरल्यावर खाशाबांनी काय केले म्हणाल? कुस्त्यांचे फड भरवले, त्यांत स्वतः लढले, आणि जमलेले पैसे खर्डेकर सरांच्या हाती देऊन त्यांचे घर सोडवले.